तारखेवर वेळ बसवताना

२०२६ साली गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी येते. पेण शहरातल्या आणि शेजारच्या हमरापूर, जोहे परिसरातल्या कारखान्यांतून त्या दिवसासाठी राज्यभर मूर्ती जातात. परदेशच्या मूर्ती त्याआधी काही महिने जहाजाने निघतात. समजा, अशा एखाद्या कारखान्यासाठी गावातल्याच एका मुलाने ऑर्डरी नोंदवण्याचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. गिऱ्हाईक मोबाइलवर स्थापनेची तारीख निवडते, १४ सप्टेंबर. कारखान्याच्या यादीत मात्र ती १३ सप्टेंबर अशी उमटते. मग कुणीतरी घाईघाईने प्रत्येक तारखेत एक दिवस मिळवण्याची ओळ घालतो. भारतातल्या ऑर्डरी जागेवर येतात आणि न्यू जर्सीच्या ऑर्डरी बिघडतात.

प्रकार सरळ आहे. ब्राउझरने निवडलेल्या दिवसाला मध्यरात्रीचे बारा जोडले आणि १४ सप्टेंबर, रात्री ००:०० असा भारतीय वेळेतला ऑब्जेक्ट तयार केला. साठवताना त्याचे रूपांतर वैश्विक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत झाले. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने उत्तर आले १३ सप्टेंबर, १८:३०. प्रोग्रॅमने त्या उत्तराच्या मजकुराची ‘२०२६-०९-१३’ ही पहिली दहा अक्षरे कापून तारीख म्हणून ठेवली. कुणी न मागितलेली वेळ तारखेला चिकटली होती आणि तिनेच दिवस मागे ओढला.

तारखेच्या ऑब्जेक्टवर वेळ बदलणे हे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच लागणारे काम आहे. दुकानाची रोजची बेरीज, कामगारांची हजेरी, गाडीचे वेळापत्रक, औषधाची आठवण, सगळीकडे ते येते. एका ओळीत होते म्हणून त्याकडे फारसे लक्ष जात नाही. ती ओळ लिहिण्यापूर्वी एक प्रश्न सोडवला, तर पुढची बहुतेक डोकेदुखी टळते: हातात असलेली किंमत नक्की कशाची आहे?

दिवस, घड्याळातली वेळ आणि क्षण

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मतारीख किंवा चतुर्थी हा नुसता दिवस. त्याला तासही नसतात आणि देशही नसतो. पाळी सकाळी सातला सुरू होते, ही घड्याळातली वेळ; ती कुठल्याही दिवसाला लागू पडते. ऑर्डरीचे पैसे जमा झाले, तो क्षण. पेणमध्ये रात्रीचे साडेआठ वाजले असोत की लंडनमध्ये दुपार असो, तो जगभर एकच असतो.

पायथनमध्ये या तिन्हींसाठी डेट, टाइम आणि डेटटाइम असे वेगळे प्रकार आहेत. डेटटाइमला कालविभाग (टाइमझोन) जोडला की तो क्षण ठरतो. जावात २०१४ साली आठव्या आवृत्तीबरोबर लोकलडेट, लोकलटाइम, लोकलडेटटाइम, झोन्डडेटटाइम आणि इन्स्टंट हे प्रकार आले. जावास्क्रिप्टच्या जुन्या डेट ऑब्जेक्टमध्ये मात्र एकच गोष्ट असते: १ जानेवारी १९७०च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेली मिलिसेकंदांची संख्या. म्हणजे नाव तारखेचे असले तरी आत क्षण असतो. तो दाखवताना प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्राची स्थानिक वेळ वापरली जाते.

म्हणूनच वरच्या उदाहरणात तारीख साधा मजकूर म्हणून, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ठेवणे आणि डेटाबेसमध्येही नुसत्या तारखेचा रकाना वापरणे हा योग्य उपाय आहे. स्थापनेच्या दिवसाला तास जोडायचे कारणच नाही. जावास्क्रिप्टमध्ये आणखी एक खोच आहे. नुसता ‘२०२६-०९-१४’ असा मजकूर दिला, तर ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते. त्याच मजकुराला विभाग न सांगता वेळ जोडली, तर ती स्थानिक धरली जाते. पहिल्या रीतीने बनलेला ऑब्जेक्ट पेणमध्ये १४ तारखेचे पहाटे साडेपाच दाखवतो आणि न्यू जर्सीत १३ तारखेचे रात्री आठ.

वेळ बदलायची कशी

दिवस तोच ठेवून वेळ सकाळी नऊ करायची आहे, एवढे काम घेऊ.

जावास्क्रिप्टमध्ये सेटअवर्स ही मेथड वापरतात. तिला तास, मिनिटे, सेकंद आणि मिलिसेकंद असे चार आकडे देता येतात. नुसता ९ दिला, तर तास बदलतो आणि मिनिटे जुनीच राहतात. दुपारी ३:४७ची नोंद सकाळी ९:४७ होते. म्हणून ९, ०, ०, ० असे चारही द्यावेत. ही मेथड मूळ ऑब्जेक्टच बदलते आणि परत देते ती मिलिसेकंदांची संख्या, नवा डेट ऑब्जेक्ट नव्हे. ऑर्डरीची तारीख ‘पाठवणी’ या दुसऱ्या नावाने घेतली आणि तिच्यावर सेटअवर्स चालवले, की ऑर्डरीची मूळ वेळही बदलते, कारण दोन नावांमागे ऑब्जेक्ट एकच असतो. आधी नवी प्रत काढावी आणि मग तिच्यावर वेळ बसवावी. तासाच्या जागी २४ किंवा २५ दिले, तरी जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही. गुपचूप पुढच्या दिवसात जाते.

पायथनमध्ये रिप्लेस ही मेथड आहे. तीत तास, मिनिट, सेकंद आणि मायक्रोसेकंद चारही नावाने सांगावेत. न सांगितलेले भाग तसेच राहतात. मूळ डेटटाइम बदलत नाही, नवा मिळतो. तो कुठल्या नावात घेतलाच नाही, तर ओळ चालूनही काहीच घडलेले नसते. रिप्लेसमध्ये २४ तास दिले, तर पायथन चूक दाखवून थांबतो. नुसती तारीख आणि नुसती वेळ जोडायची असेल, तर कम्बाइन ही मेथड जास्त स्वच्छ: डावीकडे दिवस, उजवीकडे वेळ.

जावात लोकलडेटवर अ‍ॅटटाइम चालवून ९ आणि ० दिले, की काम झाले. इथेही जुना ऑब्जेक्ट अबाधित राहतो. जुन्या डेट वर्गातली सेटअवर्स मेथड १९९७च्या १.१ आवृत्तीपासूनच वापरू नये अशी ठरवलेली आहे, तरी जुन्या प्रकल्पांत ती अजून भेटते. कॅलेंडर वर्गात तासाचे दोन रकाने आहेत. त्यांतला अवर हा बारा तासांच्या घड्याळाचा, आणि अवर-ऑफ-डे हा चोवीस तासांचा. दुपारनंतरच्या ऑब्जेक्टवर अवर ९ केला, तर सकाळचे नऊ मिळत नाहीत, रात्रीचे नऊ मिळतात. पीएचपीत सेटटाइम आहे. डेटटाइम मूळ ऑब्जेक्ट बदलतो, डेटटाइमइम्यूटेबल नवा देतो. सी-शार्पमध्ये आधी डेट या गुणधर्माने त्या दिवसाची मध्यरात्र घ्यायची आणि तिच्यात नऊ तास मिळवायचे, ही रूढ रीत.

प्रोग्रॅम न लिहिता एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्यांनाही हेच काम पडते. तिथे तारीख म्हणजे पूर्णांक आणि वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. १४ सप्टेंबर २०२६ हा दिवस ४६२७९ आणि त्याच दिवशीचे सकाळी नऊ म्हणजे ४६२७९.३७५. जुनी वेळ काढून नवी बसवायची, तर इंट या सूत्राने पूर्णांक घ्यावा आणि त्यात टाइम या सूत्राने बनवलेली वेळ मिळवावी. नुसती वेळ मिळवली, तर ती जुन्या वेळेवर चढते.

बसवणे वेगळे, मिळवणे वेगळे

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. असे कारखाने चोवीस तास चालतात आणि काम पाळ्यांत वाटलेले असते. समजा, रातपाळी रात्री अकरा ते सकाळी सात अशी आहे. हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये पाळीची तारीख घेऊन तिच्यावर आधी २३ तास बसवले, मग त्याच तारखेवर ७ तास बसवले, आणि शेवटातून सुरुवात वजा केली. उत्तर उणे सोळा तास येते. पाळी आठ तासांची असताना पगाराच्या तक्त्यात उणे आकडा का आला, हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

रातपाळीची नोंद दोन मूल्यांनी करावी: सुरुवात ज्या दिवशी होते तो पाळीचा दिवस, आणि पाळीचा कालावधी. सुरुवातीची वेळ बसवावी. शेवट मात्र सुरुवातीत आठ तास मिळवून काढावा. रात्री दोन वाजता पंच झालेले कार्ड कोणत्या दिवसाचे, हा प्रश्न तारखेवरून सुटत नाही, पाळीवरून सुटतो. हा नियम प्रोग्रॅममध्ये एकाच जागी, स्पष्ट लिहिलेला असावा.

रेल्वेचेही तसेच आहे. कोकणकन्या एक्सप्रेस मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते. पेण आणि रोहा ओलांडते तेव्हा तारीख बदललेली असते. गाडीच्या सुटण्याच्या तारखेवर पेणची वेळ थेट बसवली, तर गाडी मुंबईहून निघण्याच्या बावीस-तेवीस तास आधीच पेणला पोचलेली दिसेल. प्रत्येक स्थानकाच्या वेळेसोबत ‘प्रवासाचा दिवस पहिला, दुसरा’ हा आकडाही ठेवावा. आधी सुटण्याच्या तारखेत तेवढे दिवस मिळवावेत आणि मग वेळ बसवावी.

काही वेळा तर घड्याळातली वेळ बसवून चालतच नाही. धरमतरच्या खाडीत भरती रोज साधारण ५० मिनिटांनी उशिरा येते, कारण ती चंद्रावर चालते. खारेपाटातल्या शेतकऱ्यासाठी किंवा खाडीत होडी घालणाऱ्यासाठी भरतीची आठवण देणारा प्रोग्रॅम करायचा असेल, तर ‘रोज अमुक वाजता’ हा साचा कामाचा नाही. तिथे भरती-ओहोटीच्या कोष्टकातून त्या दिवसाचा क्षण घ्यावा लागतो.

नियम साठवावा, उत्तर नव्हे

कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो. त्याच्या उत्तरेला मध्य रेल्वे. २६ जानेवारी १९९८ला हा मार्ग पूर्ण लांबीने खुला झाला. पावसाळ्यात दरडी आणि अतिवृष्टीमुळे गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेगळे वेळापत्रक लावतात. बरीच वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असायचे. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर करण्यात आले.

आता वर्षभराच्या फेऱ्यांचे तयार ऑब्जेक्ट करून डेटाबेसमध्ये भरलेल्या प्रोग्रॅमचे काय होईल? शेकडो नोंदींवर पुन्हा वेळ बसवावी लागेल, आणि एखादी राहिली तर प्रवासी फलाटावर ताटकळेल. त्याऐवजी नियम साठवावा: या गाडीची या स्थानकावरची वेळ, ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, आणि आठवड्याच्या कोणत्या वारी. तारीख आणि वेळ यांची जोडणी विचारणा झाल्यावरच करावी. पुढच्या वर्षी तारखा सरकल्या, तर दोन आकडे बदलले की पुरते. शाळेची घंटा, रुग्णालयाची बाह्यरुग्ण वेळ, एसटीची फेरी, सगळ्यांना हीच रचना चालते.

कोणाच्या घड्याळात?

भारतात एकच प्रमाणवेळ आहे आणि उन्हाळ्यात घड्याळे पुढेमागे होत नाहीत. त्यामुळे इथे लिहिलेला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. तो सर्व्हरवर चढला, की अडचण येते. भाड्याने घेतलेले बरेच सर्व्हर यूटीसीवर लावलेले असतात. तिथे ‘आज’च्या ऑब्जेक्टवर ९ तास बसवले, की भारतात दुपारचे अडीच होतात. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तर सर्व्हरच्या लेखी भारतातला कालचा दिवस चालू असतो, आणि त्या वेळात तयार होणारा रोजचा अहवाल चुकीच्या दिवसाचा निघतो. यावर उपाय असा, की वेळ बसवण्यापूर्वी ऑब्जेक्ट एशिया/कोलकाता या विभागात आणावा, तिथे वेळ बसवावी, आणि साठवायला हवे असेल तर मग यूटीसीत न्यावा. क्रम उलटला की उत्तर चुकते.

विभागाचे नाव द्यावे, साडेपाच तासांचा आकडा हाताने लिहू नये. रोह्याचाच इतिहास याचे कारण दाखवतो. बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख ११ ऑगस्ट १९४३ रोजी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे त्या काळी भारतातली घड्याळे तासभर पुढे होती. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात यूटीसीशी फरक साडेसहा तासांचा होता, आणि संगणकांतल्या कालविभागांच्या कोशात तो तसाच नोंदलेला आहे. त्या ११ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीत गेली, की १० ऑगस्ट, १७:३० होते. परत आणताना कुणी हाताने साडेपाच तास मिळवले, तर १० ऑगस्टचे रात्री अकरा मिळतात आणि तारीख एक दिवस मागे पडते. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या आजी-आजोबांच्या जन्मतारखाही अशा प्रोग्रॅममध्ये मागे सरकतात. निवृत्तिवेतनाच्या किंवा रुग्णांच्या नोंदीत ही चूक परवडणारी नाही.

पायथनच्या पायटीझेड या जुन्या लायब्ररीत आणखी एक चकवा आहे. तिचा कोलकाता विभाग रिप्लेसने थेट चिकटवला, तर फरक ५ तास ५३ मिनिटे येतो. तो एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या स्थानिक वेळेचा फरक आहे; कोशातली पहिली नोंद तीच असल्याने लायब्ररी ती उचलते. नोंदी तेवीस मिनिटांनी चुकलेल्या दिसल्या, की कारण बहुधा हेच असते. तिथे लोकलाइझ ही मेथड वापरावी, किंवा २०२०पासून पायथन ३.९मध्ये आलेले झोनइन्फो घ्यावे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबई शहराने मात्र ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत बऱ्याच व्यवहारांत चालू ठेवली. कोशात भारतासाठी कोलकात्याचा एकच विभाग असल्याने मुंबईची ती वेळ त्यात नाही. जुनी कागदपत्रे संगणकात भरणाऱ्यांनी कागदावरची वेळ आहे तशीच, मजकूर म्हणून ठेवणे बरे.

परदेशी गिऱ्हाईक आले, की उन्हाळी वेळ येते. अमेरिकेत २०२६ साली ८ मार्चला रात्री दोनचे थेट तीन वाजतात. न्यू जर्सीत त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. १ नोव्हेंबरला उलट, रात्रीचा दीड दोनदा येतो. नसलेली वेळ बसवली, तर जावास्क्रिप्ट आणि जावा ती तासभर पुढे सरकवतात. पायथन काही न बोलता स्वीकारतो. इजिप्तमध्ये उन्हाळी वेळ मध्यरात्रीच सुरू होते, त्यामुळे त्या दिवशी ००:०० ही वेळच नसते. दिवसाची सुरुवात हवी असेल, तर शून्य तास बसवण्याऐवजी जावातल्या अ‍ॅटस्टार्टऑफडेला विभाग देऊन विचारावे.

समजा, पेणचा मूर्तिकार दर शनिवारी रात्री आठला न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर रंगकाम दाखवतो. हिवाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ असतात, ८ मार्चनंतर साडेदहा. ठरलेली वेळ कोणाच्या घड्याळाची, हे आधी विचारून घ्यावे, आणि ती त्या विभागाच्या नावासह साठवावी. पुढच्या शनिवारसाठी १६८ तास मिळवू नयेत. त्या विभागात सात दिवस मिळवून मग वेळ बसवावी.

दिवसाचा शेवट

दिवसभराच्या ऑर्डरी काढताना शेवट म्हणून २३:५९:५९ बसवण्याची सवय फार पसरलेली आहे. शेवटच्या सेकंदाच्या मध्यावर आलेली नोंद त्यातून निसटते. मिलिसेकंद ९९९ केले, तरी डेटाबेस मायक्रोसेकंदापर्यंत मोजत असेल तर फट उरतेच. त्यापेक्षा आजची सुरुवात किंवा त्यानंतर, आणि उद्याच्या सुरुवातीच्या आधी, अशी अट घालावी. दोन दिवसांच्या मध्ये जागाही राहत नाही आणि एखादी नोंद दोनदाही मोजली जात नाही. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात कारखान्यात मध्यरात्रीपर्यंत नोंदी चालू असतात, तेव्हा हा फरक रोकडीच्या मेळात दिसतो.

तपासणी

वेळ बदलणारे प्रत्येक फंक्शन लिहिल्यावर काही ठरावीक किमतींवर ते चालवून पाहावे. रात्रीचे ००:०० आणि २३:५९. भारतीय पहाटेचे ५:२९ आणि ५:३०, कारण यूटीसीचा दिवस तिथे बदलतो. ३१ डिसेंबर आणि २९ फेब्रुवारी. १९४३मधली एखादी तारीख. अमेरिकेतले ८ मार्च आणि १ नोव्हेंबर २०२६. हीच तपासणी संगणकाचा कालविभाग बदलून तीनदा करावी: एकदा कोलकाता, एकदा यूटीसी, एकदा न्यूयॉर्क. लिनक्सवर टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून हे लगेच जमते. तिन्ही ठिकाणी उत्तर सारखेच आले, तर फंक्शन यंत्राच्या घड्याळावर अवलंबून नाही. एखाद्या ठिकाणी वेगळे आले, तर कुठेतरी विभाग सांगायचा राहिला आहे. आणि तो शोधायला सर्वांत आधी जिथे ‘आत्ता’ किंवा ‘आज’ विचारले जाते ती ओळ पाहावी. फंक्शनने स्वतःच घड्याळ पाहण्याऐवजी आजची तारीख बाहेरून घेतली, तर तपासणीत हवा तो दिवस देता येतो.

नवा प्रकल्प जावास्क्रिप्टमध्ये सुरू करणाऱ्यांनी टेम्पोरल या नव्या सोयीची माहिती घ्यावी. फायरफॉक्सने ती २०२५ साली १३९व्या आवृत्तीत दिली. तिच्यात दिवस, वेळ, क्षण यांचे प्रकार वेगळे आहेत आणि एकही ऑब्जेक्ट जागच्या जागी बदलत नाही. जुना प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी सगळे एकदम बदलायला जाऊ नये. डेटाबेसमधल्या तारखेच्या प्रत्येक रकान्यासमोर तो दिवस आहे, घड्याळातली वेळ आहे की क्षण, एवढे लिहून काढावे. ज्या रकान्याबद्दल दोन सहकाऱ्यांची उत्तरे वेगळी येतील, त्याच्यापासून दुरुस्ती सुरू करावी.